तीन थेरपिस्ट हुकल्यावर चौथा शोधताना

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर घेऊन मापं तपासायचा पगार घेतो, आणि घरी आल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर, शेगडीची बटणं आणि दाराचं कुलूप फुकटात तपासायचो. एक काळ असा होता की माझ्या मोबाइलच्या गॅलरीत मुलीच्या फोटोंपेक्षा शेगडीच्या बटणांचे फोटो जास्त होते. निघताना काढायचे आणि कंपनीच्या बसमध्ये बसून मोठे करून बघायचे. आई याला मंत्रचळ म्हणायची. कागदावर त्याचं नाव ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यावर नीट काम करणारा माणूस सापडायला आणखी दीड.

मधल्या काळात तीन थेरपिस्ट झाले. तिघांकडूनही मी पळून आलो. पहिल्याला 'ऑडिट आहे' म्हणालो, दुसरीचे मेसेज वाचलेच नाहीत, तिसऱ्याला 'बदली झाली' असं ठोकून दिलं. एकालाही 'मला उपयोग होत नाहीये' असं तोंडावर सांगितलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

एक-दोन वाईट अनुभवांनंतर 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून बसलेल्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे विचारून-वाचून कळलं, तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी

जीव द्यावासा वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख नंतर वाचा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. लगेचचा धोका असेल तर ११२ लावा, किंवा घरातल्या कुणालातरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. चांगला थेरपिस्ट निवडायला वेळ लागतो. अशा घटकेला तेवढा वेळ नसतो.

१. मागच्या वेळी नेमकं काय बिघडलं ते लिहून काढा

'अनुभव वाईट होता' एवढ्यावर सोडू नका. वाईट अनुभवाचे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

माझा पहिला. घराजवळच, दुकानाच्या वर ऑफिस, दारावर 'समुपदेशक' अशी पाटी. माणूस प्रेमळ होता. चहा द्यायचा. त्याने सांगितलं, "घरातून निघताना 'गॅस बंद आहे' असं मनात दहा वेळा म्हणा, मग शंका येणार नाही." मी म्हणू लागलो. आठवड्याभरात ते दहाचं वीस झालं. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. म्हणजे एक तपासणी घालवायला गेलो आणि दुसरी पदरात पडली. पुढे कळलं की ओसीडीत खात्री करून देणं, मग ती फोटोने असो, जपाने असो की बायकोच्या 'अहो, बंद आहे' म्हणण्याने, हेच त्या आजाराचं खाद्य आहे. त्या माणसाच्या हेतूत खोट नव्हती. त्याला हा आजार माहीत नव्हता.

दुसरी कंपनीने दिलेल्या ॲपवरची. अर्ध्या तासाचा कॉल, सगळं इंग्रजीत. आता मला सांगा, 'चुटपुट' इंग्रजीत कशी सांगायची? कुलूप लागलंय हे डोळ्यांना दिसतंय, हाताला कळतंय, तरी आत जी चुटपुट लागून राहते, तीच तर माझा आजार होती. मी 'अँग्झायटी' म्हणायचो आणि ती मला श्वासाचे व्यायाम द्यायची.

तिसरा शिकलेला, नोंदणी असलेला, फीही तशीच. सात महिने आम्ही माझ्या वडिलांविषयी बोललो. कुलपाचा विषय मी काढला की, "ते वरवरचं आहे, मुळाशी जाऊ." मग एकदा आईचा फोन त्याला गेला आणि मी आत जे बोललो होतो त्यातलं एक वाक्य रात्री जेवताना मला आईच्या तोंडून ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी माझी 'बदली' झाली.

आता तिन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात शिक्षण कमी पडलं. दुसऱ्यात भाषा आणि वेळ. तिसऱ्यात पद्धत चुकीची, वर विश्वासघात. मी मात्र तिन्हींची बेरीज करून 'थेरपी बोगस असते' असा निकाल दिला होता. कारखान्यात तीन वेगवेगळ्या कारणांनी तीन जॉब रिजेक्ट झाले आणि मी 'मशीनच खराब' असा रिपोर्ट लिहिला, तर माझा साहेब तो रिपोर्ट माझ्या तोंडावर फेकेल.

तर एक कागद घ्या, प्रत्येक जुन्या थेरपिस्टसाठी दोन ओळी लिहा: काय झालं, आणि त्याऐवजी मला काय हवं होतं. जे बरं होतं तेही लिहा. पहिल्याने कधी घाई केली नाही, हे मला नंतर निवड करताना उपयोगी पडलं.

२. तुम्हाला कोण हवंय ते ठरवा

मराठीत इथेच गोंधळ आहे. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द आपण डॉक्टरलाही लावतो, मानसशास्त्र शिकलेल्यालाही आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेल्यालाही. म्हणून शब्दावर जाऊ नका, पाटीवरची पदवी वाचा.

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. इथे सांगतोय त्या तिघांपैकी औषधं तोच लिहू शकतो. गर्दीच्या ओपीडीत बोलायला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, हेही धरून चला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. चाचण्या, निदान आणि थेरपी हे त्याचं काम. आजवर यासाठी प्रामुख्याने दोन वर्षांची एम.फिल. लागत आली आहे, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी असावी लागते.

समुपदेशक किंवा कौन्सेलर यात मात्र सगळे येतात. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेले उत्तम लोकही, आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून सर्टिफिकेट घेऊन आलेलेही. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात या मंडळींचा समावेश झाला आहे. पण पाटी लावण्याआधी परवाना दाखवावा लागतो अशी सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही, म्हणून चौकशी तुम्हालाच करायची.

घरातला ताण, नोकरीतली अडचण, दुःख, नात्यातला गुंता यांसाठी चांगला समुपदेशक पुरतो. ओसीडी, तीव्र नैराश्य, पॅनिक अॅटॅक, मोठ्या आघातानंतरचा त्रास, खाण्यापिण्याचे आजार यांसाठी त्या-त्या आजाराचं प्रशिक्षण घेतलेला माणूस बघा. कानात आवाज येतात, झोपेशिवाय दिवसचे दिवस जातात, असं काही असेल तर आधी सायकिअॅट्रिस्ट.

पद्धतींची नावं तोंडओळखीपुरती तरी माहीत असू द्या. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर गृहपाठासकट काम. आरईबीटी तिचीच मोठी बहीण. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी, त्यामुळे मराठीतून ही थेरपी करणारे लोक अजूनही सापडतात. ओसीडीसाठी ईआरपी: जी भीती वाटते तिला थोडंथोडं सामोरं जायचं आणि तपासणी करायची नाही. हे तीन अक्षरी नाव मला साडेतीन वर्षांपूर्वी माहीत असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

३. नोंदणी तपासा, लाजू नका

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला सीआरआर क्रमांक, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीतला क्रमांक, विचारा. आरसीआयच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने शोधता येतं. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेव्हा चालू आहे का तेही बघा. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. समुपदेशक असेल तर तीन गोष्टी विचारा: मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी कुठली, कुठल्या थेरपीचं प्रशिक्षण घेतलं, आणि सुपरव्हिजन कुणाकडे आहे. सुपरव्हिजन म्हणजे आपल्या केसेसची चर्चा, नाव न सांगता, एखाद्या अनुभवी माणसाशी नियमित करणं. चांगले लोक याचं उत्तर चटकन देतात.

हे विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डॉक्टरला डिग्री विचारायची? आपल्याकडे ते उद्धटपणात जमा होतं. शेवटी मी ते व्हॉट्सॲपवर लिहायला सुरुवात केली. बोलताना जीभ अडखळते, लिहिताना नाही.

पण नोंदणी असली म्हणजे झालं असंही नाही. माझ्या तिसऱ्याची नोंदणी चोख होती.

४. कुठे शोधायचं

गूगलवरचे तारे बाजूला ठेवा. खूश झालेला माणूस आपल्या थेरपिस्टबद्दल नावानिशी लिहायला सहसा धजत नाही, आणि चिडलेला लिहितो. त्यामुळे त्या ताऱ्यांवरून हॉटेल निवडता येईल फार तर.

सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात करा, विशेषतः पैशांची ओढाताण असेल तर. मुंबईत केईएम, सायन, नायर. पुण्यात ससून आणि तिथली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी जाता येतं, नाव ऐकून दचकू नका. गोव्यात बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. केसपेपर काढा, सकाळी लवकर पोहोचा, डबा न्या. निदान पक्कं करून घ्यायला आणि 'थेरपीसाठी कुणाकडे पाठवाल?' असं विचारायला ही जागा फार उपयोगी. दर आठवड्याची तासभराची थेरपी तिथे मिळेलच असं नाही.

संस्थांमध्ये ठाण्याची आयपीएच, म्हणजे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली संस्था, मराठीतून काम करते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉल या समुपदेशन सेवेने लोकांच्या शिफारशींवरून विश्वासू थेरपिस्टची एक यादी तयार केली आहे. तीत भाषा, फी असे तपशील असतात. दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण.

माझी स्वतःची वाट तिसरीच निघाली. आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी कधी काही सांगितलंच नव्हतं. एकदा पाठदुखीसाठी गेलो आणि बोलता बोलता सगळं बाहेर आलं. त्यांनी सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं, आणि सायकिअॅट्रिस्टने औषध लिहून झाल्यावर दोन नावं चिठ्ठीवर दिली: "या दोघी ईआरपी करतात. कुणाशी जमतंय बघा." 'कुणाशी जमतंय बघा' हे शब्द इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा माझ्याशी बोललं होतं.

परदेशातल्यांसाठी एवढंच. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याला मराठी बोलणारा थेरपिस्ट हवा होता. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो. दुसऱ्या राज्यातला किंवा भारतातला थेरपिस्ट व्हिडिओवर सहज मिळतो, पण त्याला तुमच्या राज्यात काम करायची मुभा आहे का आणि विमा पैसे देईल का, हे त्यालाच आधी लेखी विचारा.

५. फोनवरची दहा मिनिटं

तीन-चार नावं झाली की थेट वेळ घेऊ नका. आधी मेसेज. मी हा पाठवला होता:

"नमस्कार मॅडम. मला ओसीडीचा त्रास आहे, तपासण्याचा प्रकार. आधी तीन ठिकाणी गेलो, उपयोग झाला नाही. वेळ ठरवण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? त्याची फी असल्यास सांगा."

सहा जणांना पाठवला. दोघांचं उत्तरच नाही. एकाच्या रिसेप्शनिस्टने "आधी पैसे भरा, मग सर बोलतील" असं कळवलं. एका सरांनी फोनवरच सांगितलं, "मी ओसीडी फारसं बघत नाही, तुम्ही अमुक ठिकाणी जा." हा माणूस मला सगळ्यात आवडला. पण तो तर गेलाच हातातून.

फोनवर मी विचारलेले प्रश्न असे:

- माझ्यासारख्या त्रासाची माणसं तुमच्याकडे येतात का? त्यांच्याबरोबर साधारण काय करता?
- पहिल्या महिन्यात काय होईल?
- बरं वाटतंय की नाही हे आपण कशावरून ठरवणार?
- घरच्यांचा फोन आला तर काय कराल?
- फी किती, सत्र किती मिनिटांचं, आयत्या वेळी रद्द केलं तर?
- मराठीत बोललो तर चालेल ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "आपण बोलू, सगळं ठीक होईल" हे उत्तर नाही. ज्या पुढे माझ्या चौथ्या थेरपिस्ट झाल्या त्या मॅडमनी सांगितलं, "आधी तुमच्या तपासण्यांची यादी करू. मग सोप्यापासून अवघडपर्यंत शिडी लावू. एकेक पायरी तुम्ही माझ्यासमोर कराल, मग घरी. त्रास होईल, पण तुम्ही हो म्हणाल तेवढाच." मला काय करावं लागणार हे पहिल्यांदाच कुणी आधी सांगत होतं.

फीचं म्हणाल तर मला पुणे-पिंपरीत एका सत्राला ८०० पासून २००० रुपयांपर्यंत आकडे ऐकायला मिळाले. बरेच जण सवलतीच्या काही जागा राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचा खर्च देतात. ओपीडी कव्हर असेल तरच थेरपीच्या पावत्या चालतील, आणि त्यातही अटी वाचा. पावतीवर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक घ्यायचाच.

६. सोबत न्यायचे कागद

एक प्लास्टिकची फाइल करा. तीत:

- जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स, तारखांनुसार. चालू औषधांची नावं आणि डोस
- झालेल्या चाचण्या, रक्ततपासण्या (धडधड, घाबरेपणा असेल तर थायरॉइडची विशेषतः)
- आधीच्या थेरपीचा सारांश, मिळाला तर
- पहिल्या पायरीतला तुमचा दोन-दोन ओळींचा कागद
- गेल्या आठवड्यात त्रास कधी, किती वेळ झाला याची साधी नोंद
- ओळखपत्र, सरकारी ठिकाणी असल्यास रेशनकार्ड आणि जुना केसपेपर

जुन्या ठिकाणची नोंद मागायला संकोच वाटतो, पण मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ नुसार आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणं हा तुमचा हक्क आहे. मी तिसऱ्याला दोन ओळींचा ईमेल केला आणि चार दिवसांत एक पानी सारांश आला. त्यात 'ओसीडी' हा शब्द होता. सात महिन्यांत माझ्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता तो.

औषधं चालू असतील तर थेरपिस्ट बदलला म्हणून ती बंद करू नका. वैतागून एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं असं काहीबाही होऊ शकतं आणि मग नव्या थेरपिस्टला कळत नाही की हा आजार आहे की औषध सोडल्याचा परिणाम. थांबवायची असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

७. पहिलं सत्र

पहिल्या सत्रात हलकं वाटेलच असं नाही. मला डोकं जड वाटलं होतं, आणि येताना निगडीच्या पुलाखाली उभा राहून दोन वडापाव खाल्ले होते. त्यावरून काही ठरवू नका.

बघायचं ते हे. ते ऐकताना लिहितात की मोबाइल बघतात. गोपनीयतेचं तुम्ही न विचारता सांगतात का, आणि अपवादही सांगतात का. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर माहिती द्यावी लागते, हे जो सुरुवातीलाच सांगतो तो बाकीचं पोटात ठेवेल अशी शक्यता जास्त. तुम्ही आधीच्या अनुभवांविषयी बोललात की त्या लोकांना नावं ठेवतात की 'तिथे काय उपयोगी पडलं होतं?' असंही विचारतात.

आणि या गोष्टी दिसल्या तर दुसऱ्यांदा जाऊ नका:

- वीस सत्रांचं पॅकेज आगाऊ भरायला लावणं, 'पाच सत्रांत पूर्ण बरं' अशी हमी
- पत्रिका, ग्रह, खडे, मागचा जन्म
- मारहाण करणाऱ्या नवऱ्याविषयी बोलत असताना 'थोडं ॲडजस्ट करा, मुलांकडे बघा' (हे माझ्या बहिणीच्या मैत्रिणीला ऐकावं लागलं, आणि तेही एका बाईंकडून)
- आडनावावरून जात चाचपणं
- समलिंगी असणं 'बदलून देतो' म्हणणं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय
- सत्राबाहेर भेटायला बोलावणं, अंगचटीला येणं, स्वतःच्या संसाराचं रडगाणं तुम्हाला ऐकवणं

यातला शेवटचा प्रकार किंवा गोपनीयता मोडणं गंभीर आहे. डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयकडे लेखी तक्रार करता येते. मी केली नाही. तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आणि आता फाइल उघडायची इच्छा नाही. तुम्हाला जमलं तर करा. मेसेज, पावत्या जपून ठेवा.

८. तीन-चार सत्रांनंतर नाराजी बोलून दाखवा

माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे, आणि ती मी तीनदा चुकवली होती.

थेरपिस्टही माणूस आहे. तो कधी घाई करेल, कधी चुकीचा शब्द वापरेल, कधी अवघड गृहपाठ देईल. प्रश्न एवढाच की तुम्ही ते बोलून दाखवल्यावर काय होतं. काही जण दुखावतात. काही जण 'तुमचाच प्रतिकार आहे' म्हणून चेंडू तुमच्याकडे टोलवतात. आणि काही जण वही उघडून विचारतात, "कुठे अडलं?"

आपल्याला हे जड जातं. डॉक्टर म्हणजे वडीलधारे, त्यांना उलट बोलायचं नाही, पटलं नाही तर गुपचूप दुसरीकडे जायचं, अशी आपली रीत. शिंप्याने ब्लाउज बिघडवला तर आपण भांडतो, पण इथे हजार रुपये देऊन 'छान वाटलं हं' म्हणून उठतो.

पाचव्या सत्राला मॅडमनी गृहपाठ दिला होता: दार एकदा लावायचं, फोटो नाही, ओढून बघणं नाही, थेट चार मजले उतरून बस पकडायची. आमच्या शिडीवर, शून्य ते शंभरच्या मापात, मी त्याला ७० दिले होते. आठवडाभर मी ते एकदाही केलं नाही. सत्राला जाताना मनात वाक्य तयार होतं, 'चार दिवस केलं मॅडम, बरं वाटलं.' त्यानंतर नेहमीप्रमाणे मी हळूहळू यायचा बंद झालो असतो.

खुर्चीत बसल्यावर मी वेगळंच बोललो. "मॅडम, मी केलं नाही. आणि केलं असं सांगणार होतो. आणि खरं सांगू का, मागच्या वेळी तुम्ही घाईत होतात, मला नीट विचारता आलं नाही."

त्या दोन सेकंद थांबल्या. म्हणाल्या, "हो, होते घाईत. मागच्यांचं लांबलं होतं आणि तुमची दहा मिनिटं त्यात गेली. आणि ७० पासून सुरुवात करायला लावायलाच नको होतं. ४० चं काय आहे आपल्याकडे?"

४० ला बाथरूमचा दिवा होता. तिथून सुरुवात केली.

तुम्हीही तिसऱ्या-चौथ्या सत्रात मुद्दाम विचारा: 'आपण कुठवर आलो?' जमल्यास मापाने. ओसीडीसाठी येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी असते, ४० पैकी गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे सुरुवातीला २७ होते. बाराव्या सत्राला १५. नैराश्य, चिंता यांच्याही अशा पट्ट्या असतात. प्रत्येक थेरपी अशी मोजता येत नाही हे मान्य. तरी 'काय बदललं तर उपयोग झाला म्हणायचं?' याचं उत्तर दोघांकडे असायला हवं. ईआरपीला साधारण १२ ते २० सत्रं धरतात. महिने उलटले, काही हललं नाही आणि योजनाही बदलली नाही, तर थांबायला हरकत नाही.

९. सोडायचं असेल तर सांगून सोडा

शक्य असेल तर शेवटचं एक सत्र निरोपाचं घ्या. नसेल जमत तर मेसेज पुरतो: "मॅडम/सर, मला अपेक्षित बदल जाणवत नसल्याने मी इथे थांबतोय. केसचा सारांश पाठवाल का? आजवरच्या मदतीबद्दल आभार." कारणं द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि जिथे अंगचट किंवा धमकी असं काही घडलं असेल, तिथे निरोपाचीही गरज नाही. क्रमांक ब्लॉक करा.

घरच्यांचं काय सांगायचं? आई अजून विचारते, "किती दिवस जायचंय अजून?" बायकोला मात्र मॅडमनी एका सत्राला बोलावलं, मला आधी विचारून, आणि शिकवलं की मी 'बंद आहे ना?' विचारलं तर काय म्हणायचं. ती आता म्हणते, "माहीत नाही." पहिल्या आठवड्यात त्या दोन शब्दांवरून आमची कडाक्याची भांडणं झाली.

गेल्या महिन्यातला गृहपाठ होता, गॅलरीतले शेगडीचे सगळे फोटो पुसायचे. बसमध्ये बसूनच पुसले, ६१२ निघाले. एक ठेवलाय. मॅडमना अजून सांगितलेलं नाही, बुधवारी सांगेन.